व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या रुग्णांसाठी कर्मचारी कसे निवडावेत आणि कसे टिकवावेत?

पारिजात (धागाकर्ती)

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या खासगी मनोरुग्णालयात परिचर्या विभागाची प्रमुख आहे. येत्या तीन महिन्यांत आम्हाला सहा परिचारिका, दोन समुपदेशक आणि चार कक्षसेवक घ्यायचे आहेत आणि या वेळी निवडीची जबाबदारी व्यवस्थापनाने पूर्णपणे माझ्यावर सोपवली आहे. आमच्याकडे व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या, त्यातही ज्याला बॉर्डरलाइन म्हणतात (भावनांचे टोकाचे चढउतार, सोडून दिले जाण्याची तीव्र भीती, स्वतःला इजा करणे) त्या विकाराच्या तरुण मुलामुलींची संख्या वाढते आहे. गेल्या काही वर्षांत जे कर्मचारी सोडून गेले, त्यांतले बहुतेक जण याच रुग्णांबरोबर काम करताना मनाने मोडून गेले, असे मला त्यांच्याशी शेवटचे बोलताना जाणवले.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. जीएनएम (परिचर्येची पदविका) करून नुकतीच आलेली चोवीस वर्षांची एक सिस्टर आमच्याकडे होती; स्वभावाने अतिशय मायाळू. कॉलेजात शिकणारी एक मुलगी दाखल झाली आणि चौथ्या दिवशी तिला म्हणाली, "सिस्टर, इथे फक्त तुम्हीच माझं ऐकता, बाकीच्यांना मी नाटक करते असं वाटतं." सिस्टरने तिला स्वतःचा मोबाइल नंबर दिला. ड्युटी संपल्यावर ती तास-दीड तास तिच्याजवळ बसू लागली. मुलीने मरणाचे विचार येत असल्याचे तिला सांगितले, पण कोणाला सांगणार नाही असे वचनही घेतले, आणि सिस्टरने ते वचन पाळून पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये त्याचा उल्लेख केला नाही. पुढे ती मामेबहिणीच्या लग्नासाठी तीन दिवस गावी गेली, तिथे फोनला रेंज नव्हती, आणि दुसऱ्या रात्री मुलीने स्वतःला इजा करून घेतली. टाके घालावे लागले. सिस्टर परत आली तेव्हा रात्रपाळीच्या मंडळींनी "तूच तिला लाडावून ठेवलंस" असे सुनावले, आणि मुलगी म्हणाली, "तुम्हीही तशाच निघालात." आठ दिवसांत तिने राजीनामा दिला. आज ती एका डायलिसिस युनिटमध्ये उत्तम काम करते आहे.

तिचे काय चुकले हे मी सांगू शकते, पण तिला हे आधी कोणीही शिकवले नव्हते, आणि ते शिकवण्याचे काम माझे होते. म्हणून विचारते: मुलाखतीत नेमके काय पाहावे? अनुभवाला महत्त्व द्यावे की स्वभावाला? आणि माणूस रुजू झाल्यावर त्याच्यासाठी काय करावे, म्हणजे तो वर्षभरात निघून जाणार नाही किंवा, त्याहून वाईट, दगड होऊन तिथेच राहणार नाही?

टेम्सकाठ

पारिजातताई, मी मूळची साताऱ्याची. अकरा वर्षे इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य परिचारिका म्हणून काम करते आहे आणि त्यांतली सहा वर्षे व्यक्तिमत्त्व विकारांसाठीच्या खास सेवेत आहे. तुमची सिस्टर मला अनेक रूपांत भेटलेली आहे, आणि पहिल्या वर्षी मीही बरीचशी तशीच होते.

इथेही हे शहाणपण जन्मतः आलेले नाही. १९८८ मध्ये लुईस आणि ॲपलबी या संशोधकांनी मानसोपचारतज्ज्ञांना रुग्णांची वर्णने वाचायला दिली होती. 'या व्यक्तीला पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान झाले आहे' एवढे एक वाक्य जोडल्याबरोबर तो रुग्ण त्यांना त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा आणि सहानुभूतीला कमी पात्र वाटू लागला. २००३ पर्यंत अनेक ठिकाणी हे निदान म्हणजे सेवेचा दरवाजा बंद करण्याचे कारण होते. त्या वर्षी सरकारने धोरण जाहीर केले की यापुढे या निदानावरून कोणाला बाहेर ठेवायचे नाही, आणि त्याच वर्षी कर्मचाऱ्यांच्या अंगी कोणत्या क्षमता असाव्यात याचा आराखडाही काढला. माणसे घडवल्याशिवाय दरवाजा उघडून उपयोग नाही हे त्यांनी ओळखले होते.

त्यातून पुढे 'नॉलेज अँड अंडरस्टँडिंग फ्रेमवर्क' नावाचा अभ्यासक्रम तयार झाला. त्याचा पायाभूत भाग तीन दिवसांचा असतो, सोबत ऑनलाइन अभ्यास असतो, आणि शिकवायला दोघे असतात: एक व्यावसायिक आणि एक अशी व्यक्ती, जिने हा विकार स्वतः अनुभवलेला आहे. माझ्या वेळी शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला आपल्या बारा वर्षांपूर्वीच्या एका रात्रीबद्दल सांगितले. अपघात विभागात टाके घालणाऱ्या व्यक्तीने "खरे आजारी लोक बाहेर वाट पाहत आहेत" असे म्हटल्यावर त्यांना काय वाटले, हे त्या अगदी शांत आवाजात सांगत होत्या. माझ्या शेजारी बसलेला, वीस वर्षे नोकरी झालेला सहकारी मान खाली घालून ऐकत होता. तेच वाक्य आपणही म्हटले आहे, असे त्याने दुपारच्या सत्रात सर्वांसमोर सांगितले.

निवडीबद्दल माझे मत असे आहे की अनुभवाची वर्षे मोजू नयेत. "तुम्हाला रुग्णाचा राग आला, तेव्हा तुम्ही काय केलेत?" हा प्रश्न विचारावा. "मला राग येतच नाही" असे सांगणारा उमेदवार मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण राग सगळ्यांनाच येतो, आणि ज्याला तो आलेला कळत नाही त्याचा राग औषध उशिरा देण्यात, आवाजाच्या धारेत किंवा केस पेपरवरच्या शब्दांत उतरतो. तसेच, "मला लोकांना वाचवायला आवडते" असे म्हणणाऱ्यांशी जरा जास्त वेळ बोलावे. मानसोपचारतज्ज्ञ टॉम मेन यांनी १९५७ मध्ये लंडनच्या कॅसल रुग्णालयातील परिचारिकांबरोबर बसून काही रुग्णांचा अभ्यास मांडला होता. हे असे रुग्ण होते की ज्यांच्यासाठी एखादी परिचारिका जिवापाड धडपडे, आपल्यालाच तो रुग्ण समजला आहे असे मानी, आणि इतर सहकारी तिच्यापासून दुरावत. ते वाचताना आपल्याच वॉर्डची नोंदवही वाचतो आहोत असे वाटते. दुफळी रुग्ण मुद्दाम पाडतो असा आपला समज असतो; ती आपल्यातही असते आणि रुग्णामुळे उघडी पडते, एवढेच.

मनोमय

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. टेम्सकाठ यांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत असूनही माझा एक मुद्दा थोडा वेगळा आहे. आपण स्वभावाच्या शोधात फार वेळ घालवतो आणि चौकट उभी करायला विसरतो. उत्तम स्वभावाचा माणूस चौकटीविना चार महिन्यांत संपतो. साधारण वकुबाचा, पण शिकण्याची तयारी असलेला माणूस चांगल्या चौकटीत वर्षानुवर्षे टिकतो.

या विकारावरचा सर्वांत गाजलेला उपचार म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहॅन यांची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. तिचे चार भाग आहेत: वैयक्तिक उपचार, कौशल्यांचा गट, अडचणीच्या वेळी फोनवर मार्गदर्शन आणि उपचारकांची साप्ताहिक बैठक. आपल्याकडे लोक पहिले दोन भाग उचलतात आणि चौथा सोडून देतात. ही बैठक म्हणजे उपचारकांवरचा उपचार, असे ती पद्धतच मानते. त्या बैठकीत काही करार मान्य करून बसायचे असते आणि त्यांतला एक मला फार मोलाचा वाटतो: इथे बसलेला प्रत्येक जण चुकतो, हे आपण आधीच मान्य करून चालू, म्हणजे कोणाला आपली चूक लपवण्यात शक्ती घालवावी लागणार नाही. पारिजातताई, तुमच्या सिस्टरला अशी एक खोली मिळाली असती, तर मोबाइल नंबर दिल्याची गोष्ट तिने पाचव्याच दिवशी सांगितली असती.

खर्चाची भीती मात्र बाळगू नये. टोरांटो येथील २००९ सालच्या अभ्यासात १८० रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर ही थेरपी दिली आणि उरलेल्यांना विकाराची समज असलेल्या डॉक्टरांकडून नीट आखलेले सर्वसाधारण मानसोपचार दिले. दोन्ही गट सुधारले आणि दोहोंत ठळक फरक दिसला नाही. दोन्हीकडच्या उपचारकांना नियमित मार्गदर्शन होते, हे आपण लक्षात घ्यावे. महागडे प्रमाणपत्र नसले तरी चालेल. निदान रुग्णाला समजावून सांगणे, भेटींची वेळ ठरलेली असणे, संकटात काय करायचे हे आधीच लिहून ठेवणे आणि उपचार करणाऱ्याला दर आठवड्याला कोणीतरी विचारणारे असणे, एवढे जिल्ह्याच्या गावातही जमते.

नव्या कर्मचाऱ्यांना आणखी एक आकडा पहिल्याच दिवशी सांगावा. मेरी झनारिनी यांनी अमेरिकेत मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या २९० बॉर्डरलाइन रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा दहा वर्षांच्या काळात ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे सलग निदानाच्या निकषांच्या खाली राहिली. नोकरी-शिक्षण आणि नातेसंबंध यांसह पूर्ण सावरलेल्यांचे प्रमाण ५० टक्के होते, म्हणजे दुःख अजून पुष्कळ उरते; पण 'हे कधी बरे होत नाहीत' हा वॉर्डातला समज साफ खोटा आहे. वॉर्डातल्या माणसाला पुन्हा पुन्हा दाखल होणारेच दिसतात. जो सावरला तो परत येत नाही आणि म्हणून तो कोणाच्या अनुभवात जमा होत नाही.

अबोली

मी इथे नेहमी वाचते, लिहीत नाही. मला हे निदान नऊ वर्षांपूर्वी झाले आणि मी तीन वेळा दाखल होते. आज नोकरी करते. कोणत्याही रुग्णालयाचे नाव घेणार नाही.

दुसऱ्यांदा दाखल झाले तेव्हाच्या एका सिस्टर मला आठवतात. त्या फारशा बोलत नसत. "मी पाच वाजता येते" म्हणाल्या की पाचला येत. एकदा साडेपाचला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मी पाच म्हणाले होते, अर्धा तास उशीर झाला, खाली एक ॲडमिशन होती." हे वाक्य तुम्हाला किरकोळ वाटेल. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात त्यांनी मला सोडून दिले होते, माझा त्यांचा तिरस्कार करून झाला होता आणि स्वतःचाही. त्यांनी कारण सांगितले, वेळ मान्य केली, आणि माझे डोके हळूहळू जागेवर आले. मी त्यांना त्यांचा फोन नंबर मागितला होता. "नंबर नाही देणार, पण उद्या दोन वाजता माझी ड्युटी आहे आणि मी आल्यावर पहिली तुझ्याकडे येईन," असे त्या म्हणाल्या. मी रात्रभर रडले, हे खरे आहे. दुसऱ्या दिवशी त्या दोन वाजून पाच मिनिटांनी आल्या, हेही खरे आहे.

ज्या दुसऱ्या एक ताई माझ्यासाठी घरून डबा आणत, मला "माझी मुलगीच आहेस" म्हणत, त्यांनी महिन्याभराने माझ्याशी बोलणेच बंद केले. मी त्यांना थकवले असणार. पण थकल्याचे त्यांनी सांगितले असते तर मला चालले असते.

तुम्हाला मुलाखतीसाठी प्रश्न हवा असेल तर माझा हा घ्या: "कोणाला दिलेला शब्द तुम्हाला पाळता आला नाही, तेव्हा तुम्ही त्या माणसाकडे जाऊन काय म्हणालात?"

रानवाट

मी एका व्यसनमुक्ती केंद्रात समाजसेवक आहे. वरची चर्चा मोलाची आहे, परंतु ती परिचारिका आणि समुपदेशक यांच्याभोवतीच फिरते आहे. रुग्णाजवळ सर्वाधिक तास असतात मावशी आणि मामा, म्हणजे कक्षसेवक. रात्री तीन वाजता बाथरूमचे दार वाजवणारी व्यक्ती मावशी असते. त्यांना आपण ठेकेदारामार्फत घेतो, दहा-बारा हजारांवर राबवतो, सहा महिन्यांनी ठेकेदार बदलला की माणसेही बदलतात, आणि प्रशिक्षणाच्या दिवशी "तुम्ही वॉर्ड सांभाळा" म्हणून त्यांनाच बाहेर ठेवतो. मग त्या आपल्याला जे माहीत आहे त्यावरच काम चालवतात, म्हणजे ओरडणे, धाक घालणे किंवा "पोलिसांना बोलावू" असे म्हणणे. पारिजातताई, तुमच्या चार कक्षसेवकांना थेट रुग्णालयाच्या नोकरीत घेता येईल का, हे आधी पाहावे. ज्याची नोकरी मार्चमध्ये जाणार आहे त्याच्याकडून रुग्णाला स्थैर्य देण्याची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

मनोमय

रानवाट यांनी पोलिसांचा उल्लेख केला म्हणून एवढेच जोडतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. तिला उपचार व आधार देण्याचे कर्तव्य सरकारवर आहे. हे कलम प्रत्येक कक्षसेवकाला मराठीतून समजावून सांगितले पाहिजे, कारण पोलिसांचा धाक घालणे हे क्रूर तर आहेच, शिवाय ज्या कायद्याखाली आपली रुग्णालये चालतात त्याच्या भावनेलाही ते धरून नाही.

पारिजात (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. अबोली, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. थेट नोकरीचा प्रस्ताव मी व्यवस्थापनापुढे ठेवते आहे. एक व्यावहारिक अडचण मात्र विचारते. आमच्याकडे आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळ्या आहेत. साप्ताहिक बैठक घ्यायची म्हटली तर कोणीतरी नेहमीच झोपलेले किंवा वॉर्डात अडकलेले असते. आम्ही पूर्वी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा महिन्याभरात ती बंद पडली.

टेम्सकाठ

ती बंद पडते याचे कारण बहुधा असे, की तिला उरलेल्या वेळेत बसवले जाते. आमच्याकडे ती ड्युटीच्या तक्त्यात औषधवाटपासारखी छापलेली असते. सकाळ आणि दुपार पाळीची गाठ जिथे पडते, तिथे आठवड्यातून एक दिवस सकाळची मंडळी तीनपर्यंत थांबतील अशी व्यवस्था करावी, त्या तासाचा मोबदला द्यावा किंवा तेवढी सुट्टी द्यावी, आणि तो तास वॉर्ड सांभाळण्यासाठी कार्यालयातील वरिष्ठांनी खाली यावे. वरिष्ठ खाली आले की या तासाची किंमत सर्वांना कळते. रात्रपाळीसाठी पंधरा दिवसांतून एकदा संध्याकाळी सातला वेगळी बैठक घ्यावी.

बैठक शक्यतो बाहेरच्या व्यक्तीने चालवावी. जो पगारवाढ ठरवतो त्याच्यासमोर "मला तिच्याकडे जायची भीती वाटते" असे कोणी म्हणणार नाही, आणि ताई, तुम्ही कितीही प्रेमळ असलात तरी पगारवाढ तुमच्या शेऱ्यावर ठरते. परिचर्येचे संशोधक लेन बोवर्स यांनी इंग्लंडमधील ब्रॉडमूर, रॅम्प्टन आणि ॲशवर्थ या तीन अतिसुरक्षित मनोरुग्णालयांतील परिचारकांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे या रुग्णांबद्दल सद्भाव टिकवून असलेल्या परिचारकांपाशी स्वतःच्या भावना हाताळण्याची पद्धत होती, एकमेकांना धरून चालणारा चमू होता आणि पाठीशी उभी राहणारी संस्था होती. यांतले दोन-तृतीयांश तर माणसाच्या बाहेरचेच आहे. इथे मनोमय यांचे चौकटीबद्दलचे म्हणणे मला मान्य करावे लागते.

नव्या माणसाला पहिले सहा आठवडे एकट्याने रुग्णाशी लांब बोलायला बसवू नये. कोणा अनुभवी व्यक्तीच्या शेजारी बसू द्यावे आणि नंतर फक्त दोन गोष्टी विचाराव्यात: तिला काय वाटत असावे, आणि तुला काय वाटत होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आमच्या देशी मुलींना वेळ लागतो, मलाही लागला, कारण परिचर्येच्या शाळेत आपल्याला वाटण्याबद्दल कोणी कधी विचारलेलेच नसते.

पारिजात (धागाकर्ती)

सात आठवड्यांनी लिहिते आहे, म्हणून धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

चारही कक्षसेवक थेट नोकरीत घेण्यास व्यवस्थापन तयार झाले नाही. दोघांना घेतले, दोघे अजून ठेकेदाराकडेच आहेत. बैठक दर गुरुवारी दोन ते तीन होते आणि आमचे वैद्यकीय अधीक्षक तो तास वॉर्डात बसतात. पहिल्या गुरुवारी त्यांना एका रुग्णाने सव्वा तास धरून ठेवले, त्यानंतर त्यांनी कधी कुरकूर केलेली नाही.

मुलाखतींत एक बाई आल्या, वय चाळीसच्या पुढे, मनोरुग्णालयाचा अनुभव शून्य, सारी नोकरी जळीत विभागातली. रागाचा प्रश्न विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एक पेशंट ड्रेसिंगच्या वेळी रोज आईवरून शिव्या द्यायचा. एक दिवस माझा हात जोरात पडेल असं मला वाटलं, म्हणून मी ट्रे खाली ठेवला, लिनन रूममध्ये गेले, दहा चादरी घडी केल्या आणि परत येऊन त्याला सांगितलं, मला राग आला होता म्हणून गेले होते, आता करू या." त्यांना मी त्याच दिवशी निवडले. पाच वर्षे मानसोपचार वॉर्डात काढलेल्या आणि "अशा पेशंटना वेळीच वठणीवर आणावं लागतं" म्हणणाऱ्या एका उमेदवाराला मी नकार कळवला.

तिसऱ्या गुरुवारी याच बाई बैठकीत म्हणाल्या, "बारा नंबरच्या मुलीकडे जायला मी काल टाळाटाळ केली." खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नव्याने कायम झालेल्या मावशी म्हणाल्या, "मी तर परवापासून टाळतेय." त्यानंतर पुढचा पाऊण तास त्या मुलीबद्दल जे बोलणे झाले, त्यातून तिच्याकडे कोणी, किती वाजता आणि किती वेळ जायचे हे ठरले आणि ते तिलाही कागदावर लिहून दिले. तिने तो कागद पहिल्या दिवशी फाडला. दुसरा लिहून दिला, तो उशीखाली आहे.

दोन समुपदेशकांच्या जागा अजून रिकाम्या आहेत. मुलाखती मंगळवारी आहेत आणि अबोली, तुमचा प्रश्न मी सर्वांना विचारणार आहे.